मेंदूच्या पर्यायी वाटा शोधणारे लुरिया

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियाने अडीच कोटींहून अधिक माणसे गमावली. याच युद्धाने तेथील वैद्यकशास्त्रापुढे तोवर फारसा न हाताळला गेलेला एक प्रश्नही उभा केला. डोक्यात गोळी किंवा बॉम्बगोळ्याची किरच घुसलेले जे सैनिक पूर्वीच्या युद्धांत जागीच मरण पावले असते, त्यांतील बरेचजण शल्यचिकित्सेतील प्रगतीमुळे आता वाचू लागले होते. जखम भरून यायची, ताप उतरायचा, टाके निघायचे. पण खाटेवरून उठलेल्या तरुणाला स्वतःच्या आईचे पत्र वाचता येत नसे. कोणाला समोरच्या पेल्याचे नाव आठवत नसे, तर कोणाला आपला उजवा हात कोणता, हेच उमगत नसे. प्राण वाचला होता; परंतु ज्याच्या जोरावर माणूस माणसात वावरतो, ते सारे गेले होते. अशा जखमी मेंदूंचे पुढे करायचे काय, या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देण्याचा पहिला मोठा आणि सुसूत्र प्रयत्न ज्यांनी केला, त्यांत अलेक्झांडर रोमानोविच लुरिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

लुरिया यांचा जन्म १६ जुलै १९०२ रोजी व्होल्गा नदीकाठच्या कझान या विद्यापीठनगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. वडील रोमान लुरिया हे नामांकित वैद्य, तर आई दंतवैद्य. झारशाहीत ज्यूंच्या शिक्षणावर आणि नेमणुकांवर अनेक बंधने होती. त्यामुळे रोमान लुरिया यांच्यासारख्या विद्वान डॉक्टरलाही क्रांतीपूर्वी विद्यापीठाची दारे बंद राहिली आणि खासगी व्यवसायावर समाधान मानावे लागले. १९१७ ची क्रांती झाली, तेव्हा अलेक्झांडर पंधरा वर्षांचा होता. जुनी बंधने एकाएकी गळून पडली. सारे काही नव्याने घडवता येईल, या भावनेने भारलेल्या पिढीचा तो प्रतिनिधी ठरला. शाळेचा अभ्यासक्रम घाईघाईने संपवून त्याने कझान विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२१ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, सामाजिक शास्त्रांची पदवी मिळवली.

मुलाने वैद्य व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तिला मान देऊन लुरिया यांनी वैद्यकीय शिक्षण सुरूही केले. पण त्यांचे मन मानसशास्त्राकडे ओढ घेत होते. १९२२ मध्ये त्यांनी कझानमध्ये मनोविश्लेषणाच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन केले आणि त्याची वार्ता थेट व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांना कळवली. फ्रॉइड यांचे उत्तरही आले. रशियाच्या एका दूरच्या शहरातील विशीच्या युवकाला हा मोठाच मान वाटला असणार. पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या प्रायोगिक मानसशास्त्र संस्थेतून बोलावणे आले आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी राजधानी गाठली.

मॉस्कोत त्यांनी मनातील दडलेला ताण मोजण्याची एक पद्धत तयार केली. समोरच्या व्यक्तीला एक शब्द ऐकवायचा, त्यावर मनात येणारा पहिला शब्द तिने उच्चारायचा आणि त्याच क्षणी हातातील रबरी फुगा दाबायचा. शब्दाने मनातील दुखऱ्या जागेला स्पर्श केला, की हाताच्या हालचालीची आलेखावरील रेषा विस्कटते, असे त्यांना आढळले. गुन्ह्यातील संशयितांवरही त्यांनी हे प्रयोग केले. असत्य पकडणाऱ्या यंत्राच्या पूर्वेतिहासात या प्रयोगांचा आवर्जून उल्लेख होतो. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि तिशीतच त्यांचे नाव परदेशात पोहोचले.

तथापि, लुरिया यांच्या आयुष्याला खरी दिशा मिळाली ती जानेवारी १९२४ मध्ये. लेनिनग्राडमधील एका परिषदेत लेव्ह वायगॉट्स्की नावाच्या, तोवर अप्रसिद्ध असलेल्या शिक्षकाचे व्याख्यान त्यांनी ऐकले आणि ते विलक्षण प्रभावित झाले. त्यांच्याच खटपटीने वायगॉट्स्की मॉस्कोला आले. लुरिया, वायगॉट्स्की आणि अलेक्सेई लिओन्तिएव हे त्रिकूट पुढे सोव्हिएत मानसशास्त्राचा पाया मानले गेले. माणसाची उच्च मानसिक शक्ती उपजत आणि अंगभूत नसून, समाजाने दिलेल्या साधनांच्या व खुणांच्या आधाराने ती घडत जाते, हा या विचाराचा गाभा होता. विसरू नये म्हणून आपण पदराला किंवा रुमालाला गाठ मारतो. त्या क्षणी आठवण केवळ डोक्यात राहत नाही, तिचा एक भाग त्या गाठीत जातो. भाषा, आकडे, लिपी, नकाशे या साऱ्या अशाच गाठी आहेत, असे या मंडळींचे म्हणणे होते.

या विचाराचा वैद्यकीय उपयोग होऊ शकतो, याची चुणूक लवकरच मिळाली. कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, काही रुग्णांना सपाट जमिनीवर पाऊल उचलता येत नव्हते. संशोधकांनी त्यांच्यासमोर जमिनीवर ठरावीक अंतराने कागदाचे तुकडे ठेवले आणि एकेक तुकडा ओलांडायला सांगितले. जागचे न हलणारे रुग्ण तो अडथळा ओलांडत चालू लागले. चालण्याची आपोआप घडणारी क्रिया बिघडली होती. मात्र डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणेला पावलाने उत्तर देण्याची दुसरी वाट शाबूत होती. रोग बरा झाला नव्हता, पण क्रिया दुसऱ्या मार्गाने साधली गेली होती. लुरिया यांच्या पुढील सर्व संशोधनाचे बीज या साध्या प्रयोगात आहे.

त्यानंतरचा काळ मात्र कसोटीचा ठरला. १९३१ आणि १९३२ मध्ये लुरिया यांनी मध्य आशियातील उझबेकिस्तानात दोन मोहिमा नेल्या. शाळेचे तोंड न पाहिलेले शेतकरी आणि नुकतेच साक्षर झालेले त्यांचे भाऊबंद यांच्या विचार करण्याच्या पद्धतीत काय फरक पडतो, हे त्यांना पाहायचे होते. शिक्षणाने मन बदलते, हा निष्कर्ष खरे तर नव्या राजवटीला आवडायला हवा होता. पण सोव्हिएत प्रजेतील एका समाजाला मागास ठरवल्याचा ठपका या संशोधनावर आला. त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध होण्यास १९७४ साल उजाडावे लागले. १९३४ मध्ये वायगॉट्स्की क्षयाने, वयाच्या ३७ व्या वर्षी निवर्तले. १९३६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने एका ठरावाद्वारे मुलांच्या मानसिक चाचण्यांवर आधारलेल्या अभ्यासशाखेवर बंदी घातली आणि वायगॉट्स्कींचे लेखनही दृष्टिआड झाले. लुरिया ज्या वैद्यकीय आनुवंशिकी संस्थेत जुळ्या मुलांचा अभ्यास करीत होते, ती संस्था बंद पडली. तिचे संचालक सोलोमन लेव्हिट यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

अशा वेळी लुरिया यांनी जो निर्णय घेतला, तो त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारा आहे. त्यांनी वाद घातला नाही, तसे संशोधनही सोडले नाही. परदेशात नाव झालेला हा प्राध्यापक, वयाच्या तिशीच्या मध्यावर, वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. १९३७ मध्ये त्यांनी मॉस्कोतील पहिल्या वैद्यकीय संस्थेची पदवी घेतली आणि विख्यात मज्जाशल्यविशारद निकोलाय बुर्देन्को यांच्या रुग्णालयात उमेदवारी सुरू केली. वडिलांची जुनी इच्छा अशा रीतीने, अगदी अनपेक्षित मार्गाने पुरी झाली. राजकीयदृष्ट्या निसरड्या झालेल्या मानसशास्त्रापेक्षा रुग्णालयाचा आसरा सुरक्षित होता, हे उघड आहे. पण तेथे लुरिया यांना जे हवे होते, तेही मिळाले. मेंदूचा नेमका कोणता भाग बिघडला म्हणजे मनाचे नेमके काय बिघडते, हे रुग्णाच्या उशाशी बसून पाहता येऊ लागले.

त्या काळी मेंदूसंबंधी दोन परस्परविरोधी मते प्रचलित होती. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये आणि कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वाचेशी निगडित मेंदूची केंद्रे दाखवून दिल्यापासून एक पक्ष प्रत्येक कार्यासाठी मेंदूत स्वतंत्र जागा शोधत होता. लिहिण्याची एक जागा, वाचण्याची दुसरी, आकडेमोडीची तिसरी. अमेरिकेतील कार्ल लॅशली यांच्यासारख्यांचा दुसरा पक्ष, मेंदूचे बाह्यपटल एकसंधपणे काम करते, असे मानत होता. दोन्ही मते रुग्णाच्या फारशी कामाची नव्हती. पहिले मत खरे धरले, तर जागा गेली की कार्य कायमचे गेले. दुसरे खरे धरले, तर नेमका उपचार कशावर करायचा, हेच कळत नाही. शिवाय दुखापतीत नष्ट झालेले मेंदूचे ऊतक कातडीसारखे किंवा हाडासारखे पुन्हा भरून येत नाही, हे सान्तियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या संशोधनानंतर बहुतेक सर्वांनी स्वीकारले होते. त्यामुळे अशा रुग्णांच्या बाबतीत डॉक्टर हात टेकत असत.

लुरिया यांनी या दोहोंच्या मधली वाट धरली. प्योत्र अनोखिन आणि निकोलाय बर्नश्टाइन या समकालीन शास्त्रज्ञांच्या कामाचा त्यांना आधार होता. लिहिणे ही एक क्रिया दिसत असली, तरी ती अनेक दुव्यांची साखळी आहे, असे त्यांनी मांडले. कोणी सांगितलेला शब्द कागदावर उतरवायचा, तर त्यातील ध्वनी वेगवेगळे ओळखता यावे लागतात. त्यांचा क्रम ध्यानात राहावा लागतो. प्रत्येक ध्वनीला अक्षराचा आकार द्यावा लागतो, तो आकार जागेत नीट बसवावा लागतो, हाताची हालचाल एकातून दुसरीत सलग वाहावी लागते आणि आपण काय लिहीत आहोत, हा हेतू शेवटपर्यंत टिकावा लागतो. यातील प्रत्येक दुवा मेंदूचा वेगळा भाग सांभाळतो. कोणताही दुवा तुटला तरी लेखन बिघडते, पण प्रत्येक वेळी ते वेगळ्या तऱ्हेने बिघडते. म्हणून रुग्णाला लिहिता येते की नाही, एवढे नोंदवून भागत नाही. त्याला का लिहिता येत नाही, हे शोधावे लागते. तुटलेला दुवा सापडला, की शाबूत राहिलेल्या दुव्यांच्या मदतीने तीच क्रिया नव्याने बांधता येण्याची शक्यता निर्माण होते. नदीवरचा पूल वाहून गेला, की गावकरी लांबचा वळसा घालून पलीकडे जातात. तसेच काहीसे हे आहे.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि या विचाराची परीक्षा पाहणारी वेळ आली. मेंदूला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन रुग्णालय उभारण्याची जबाबदारी लुरिया यांच्यावर सोपवण्यात आली. उरल पर्वताच्या दक्षिण भागात, चेल्याबिन्स्कजवळील किसेगाच येथील ४०० खाटांच्या एका आरोग्यधामात हे रुग्णालय सुरू झाले. मॉस्कोतील जुने सहकारी त्यांच्यासोबत होते. अर्धवट राहिलेली कामे अधिक लक्षात राहतात, या शोधासाठी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या ब्ल्युमा झायगार्निक याही त्यांत होत्या. त्याच सुमारास स्व्हर्दलोव्स्कजवळ लिओन्तिएव आणि अलेक्झांडर झापोरोझेत्स हाताला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होते. हात शक्य तितका वर उचल, असे सांगितल्यावर सैनिकाचा हात जेथे अडत असे, त्याच्या बराच वर तो एखादी वस्तू घ्यायला सांगितल्यावर पोहोचत असे. स्नायू तेच, सांधा तोच. केवळ हेतू बदलल्याने मेंदूतील वाट बदलत होती.

किसेगाचमध्ये लुरिया यांनी प्रथम दोन प्रकारच्या हानींत भेद केला. काही पेशी मेलेल्या नसतात. दुखापतीच्या धक्क्याने त्या केवळ सुन्न झालेल्या असतात. जखमेपासून दूर असलेले भागही असे मूक होऊ शकतात, हे कॉन्स्टान्टिन फॉन मोनाकोव्ह यांनी पूर्वीच सांगितले होते. अशा ठिकाणी पेशींमधील संदेशवहन वाढवणारी औषधे आणि योग्य वेळी दिलेला सराव यांनी क्रिया पूर्ववत होऊ शकते, असे लुरिया यांचे निरीक्षण होते. जेथे ऊतक खरोखरच नष्ट झाले आहे, तेथे मात्र औषधाचा उपयोग नाही. तेथे क्रियेची फेरबांधणी करावी लागते. ही फेरबांधणी आपोआप होत नाही. रुग्णाला ती जाणीवपूर्वक, पायरी पायरीने शिकवावी लागते. सुरुवातीला बाहेरच्या खुणांचा आधार द्यावा लागतो आणि कालांतराने तो आधार मनात रुजतो.

त्यांच्या पद्धतीची काही उदाहरणे आजही वाचावाचिकित्सेच्या अभ्यासकांना मोलाची वाटतात. डाव्या कानशिलामागील भागाला इजा झालेल्या सैनिकांना ऐकू तर येई, पण ‘ब’ आणि ‘प’, ‘द’ आणि ‘त’ यांसारखे जवळचे ध्वनी त्यांना वेगळे ओळखता येत नसत. त्यामुळे बोललेला शब्द अर्थहीन गोंगाट वाटे. अशा रुग्णाचा कान सुधारत बसण्याऐवजी त्याला डोळ्यांची आणि स्पर्शाची मदत दिली जाई. आरशात ओठांची हालचाल पाहायची, घशाची थरथर बोटांनी अनुभवायची, अक्षर समोर ठेवायचे आणि या आधारांवर ध्वनी पुन्हा ओळखायला शिकायचे. ज्यांना ओठ-जिभेची नेमकी ठेवण सापडत नसे, त्यांच्यासाठी फुंकर मारण्यासारख्या, अजून शाबूत असलेल्या साध्या क्रियेपासून सुरुवात करून उच्चारापर्यंत जायचे. ज्यांना अक्षर दिसे पण ओळखू येत नसे, त्यांनी ते बोटाने गिरवायचे. डोळ्याला न कळलेले अक्षर हाताला कळत असे.

मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे कपाळामागील खंडांना, दुखापत झालेल्यांची तऱ्हा निराळी होती. त्यांच्यापैकी काहींना शब्द आठवत, वाक्य उच्चारता येई, पण सलग दोन-चार वाक्यांत एखादी गोष्ट सांगता येत नसे. एका वाक्यापुढे दुसरे सुचतच नसे. लुरिया यांनी त्यांना आठवेल तो तुकडा, आठवेल तसा, चिठ्ठीवर लिहायला सांगितले. मग त्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून क्रमाने लावायच्या. ‘त्यानंतर’, ‘मात्र’, ‘जरी’, ‘तेव्हा’ असे जोडशब्द लिहिलेली यादी शेजारी ठेवायची. जो क्रम डोक्यात लागत नव्हता, तो टेबलावर लागे आणि रुग्ण गोष्ट पुरी करी. पदराच्या गाठीचेच हे विस्तारित रूप होते. परंतु या खंडांची हानी व्यापक असेल, तर रुग्णाला आपले काही बिघडले आहे, याचीच जाणीव उरत नसे. बरे होण्याची इच्छाच जेथे नाही, तेथे कोणतीही पद्धत लागू पडत नाही, हा धडाही लुरिया यांना येथेच मिळाला.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणजे लेव्ह झासेत्स्की. तंत्रशिक्षण घेणारा हा हुशार तरुण युद्धावर गेला आणि २ मार्च १९४३ रोजी डोक्यात गोळी लागून जखमी झाला. गोळीने मेंदूच्या डाव्या बाजूच्या मागील-वरच्या भागाचा नाश केला. उजव्या बाजूचे दिसणे बंद झाले. जग तुकड्या-तुकड्यांत दिसू लागले. स्वतःच्या शरीराचा उजवा भाग कोठे आहे, हेही कधी कधी समजेना. ‘वडिलांचा भाऊ’ आणि ‘भावाचे वडील’ या दोहोंतील भेद त्याला कळेना. शब्द दोन्हीकडे तेच, मग अर्थ वेगळा कसा, या कोड्याशी तो तासन् तास झगडे. एकेकाळी गणिते सोडवणाऱ्या या तरुणाला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली. काही महिन्यांतच तो किसेगाचच्या रुग्णालयात लुरिया यांच्यासमोर आला.

झासेत्स्कीला अक्षर अक्षर जोडून लिहिता येत नव्हते. एके दिवशी त्याला सुचवण्यात आले, की अक्षरांचा विचार करू नकोस, हात न उचलता संपूर्ण शब्द एका झपाट्यात लिही. आश्चर्य म्हणजे हात चालला. अक्षरे ओळखून ती जागेत बसवण्याची वाट गोळीने तोडली होती. पण वर्षानुवर्षांच्या सवयीने हातात मुरलेली लेखनाची लय दुसरीकडे शाबूत होती. या एका वाटेचा शोध लागल्यावर झासेत्स्कीने आपली कहाणी लिहायला घेतली. जे लिहिले ते त्याला स्वतःला धडपणे वाचता येत नसे. एकेक अक्षर पुन्हा लावत जावे लागे. शब्द शोधायला तास लागत, दिवसाकाठी कधी थोडक्याच ओळी होत. तरीही सुमारे २५ वर्षे तो लिहीत राहिला आणि ही दैनंदिनी तीन हजार पानांपर्यंत गेली. त्याच्या मेंदूचा पुढचा भाग वाचला होता. त्यामुळे इच्छाशक्ती, कल्पनाशक्ती आणि आपण काय गमावले याची तीव्र जाणीव, हे तिन्ही त्याच्यापाशी होते. त्याचे दुःख आणि त्याची जिद्द या दोहोंचे मूळ हेच.

झासेत्स्की बरा झाला का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नाही असेच आहे. तो पुन्हा अभियंता होऊ शकला नाही. अखेरपर्यंत वाचन, आकडेमोड, सरळ संभाषण या गोष्टी त्याला जड गेल्या. लुरिया यांनीही त्याच्या बाबतीत यशाचा दावा कधी केला नाही. उलट ही कहाणी त्यांनी पराभव आणि झुंज या दोन्हींसह १९७१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. झासेत्स्कीच्या लेखनाबरोबर आपले शास्त्रीय विवेचन गुंफत त्यांनी रुग्णालाच ग्रंथाचा सहलेखक केले. पुढच्याच वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला आणि हे पुस्तक जगभर वाचले गेले.

युद्धकाळातील अनुभवाच्या आधारे लुरिया यांनी १९४७ मध्ये दुखापतीमुळे होणाऱ्या वाचाघातावर आणि १९४८ मध्ये दुखापतीनंतर मेंदूच्या कार्यांच्या पुनःस्थापनेवर असे दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध केले. या कामाच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. एकेका रुग्णाचे सखोल निरीक्षण हे लुरिया यांचे बलस्थान होते. मात्र उपचार मिळालेले आणि न मिळालेले अशा दोन गटांची काटेकोर तुलना त्यात नव्हती. दुखापतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपोआपही बराच सावरतो. त्यामुळे सुधारणेतील किती वाटा सरावाचा आणि किती निसर्गाचा, हे त्यांच्या नोंदींवरून नेमके ठरवता येत नाही. युद्धाच्या धामधुमीत तशा चाचण्या शक्य नव्हत्या हे खरे, पण पुढील पिढीला हा प्रश्न नव्याने हाताळावा लागला.

युद्ध संपल्यावर मॉस्कोला परतलेल्या लुरिया यांच्यामागील ससेमिरा मात्र संपला नव्हता. १९५० मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या एका संयुक्त अधिवेशनात पाव्हलॉव्हचा सिद्धांत हीच एकमेव अधिकृत भूमिका ठरवण्यात आली. लुरिया यांच्यावर टीका झाली, त्यांनी जाहीरपणे आपली तथाकथित चूक मान्य केली आणि मज्जाशल्य संस्थेतील त्यांची प्रयोगशाळा बंद झाली. १९५३ च्या प्रारंभी ज्यू डॉक्टरांवर कटाचा खोटा आरोप ठेवला गेला, तेव्हा भीतीचे सावट त्यांच्याही घरावर होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर ते आरोप मागे घेण्यात आले. या काळात लुरिया मतिमंद आणि वाचादोष असलेल्या मुलांसाठीच्या संस्थेत काम करीत राहिले. बोलणे मुलाच्या वागण्याला वळण कसे लावते, यावरील त्यांचे संशोधन याच आडवळणाचे फळ आहे. शब्द पाव्हलॉव्हचे वापरून त्यांनी विचार वायगॉट्स्कींचाच पुढे नेला, असे त्यांचे चाहते म्हणतात. त्यांनी नमते घेण्यात फारच तत्परता दाखवली, असे टीकाकारांना वाटते. ज्या व्यवस्थेत त्यांच्या संस्थेच्या संचालकाला गोळी घालण्यात आली, तिचा संदर्भ सोडून या वादाचा निवाडा करणे कठीण आहे.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस बुर्देन्को संस्थेचे दार त्यांना पुन्हा उघडले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलद्रूप पर्व सुरू झाले. माणसाच्या उच्च मानसिक कार्यांवरील त्यांचा बृहद्ग्रंथ १९६२ मध्ये निघाला. मेंदूचे कार्य तीन मोठ्या घटकांत विभागता येते, असे त्यांनी प्रतिपादन केले. खोलवरचा पहिला घटक जागृती आणि ऊर्जा राखतो. मागच्या बाजूचा दुसरा घटक बाहेरून येणारी माहिती स्वीकारतो, तिचा अर्थ लावतो आणि ती साठवतो. पुढचा तिसरा घटक बेत आखतो, कृती चालवतो आणि तिच्यावर लक्ष ठेवतो. या मांडणीवर पुढे अनेक चाचण्या उभ्या राहिल्या. १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. मेंदूविकारांच्या कथा लिहून नावारूपाला आलेले डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांच्याशी १९७३ पासून त्यांचा पत्रव्यवहार होता. रुग्णाची कहाणी हाही शास्त्राचाच भाग आहे, ही दृष्टी आपण लुरियांकडून घेतली, हे सॅक्स यांनी वेळोवेळी मान्य केले.

ऑगस्ट १९७७ मध्ये मॉस्को येथे हृदयविकाराने लुरिया यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी लाना, ज्या स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या, पुढच्या काही महिन्यांतच गेल्या. लुरिया यांचे काम मात्र सीमा ओलांडून पसरत राहिले. त्यांच्या तपासणी पद्धती पुस्तकरूपाने मांडणाऱ्या आन-लिसे क्रिस्टेन्सेन यांनी १९८५ मध्ये कोपनहेगन येथे मेंदूच्या दुखापतीच्या रुग्णांसाठी पुनर्वसन केंद्र स्थापन केले. मूळचे ओडिशाचे आणि कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात कार्य केलेले मानसशास्त्रज्ञ जगन्नाथ प्रसाद दास यांनी लुरिया यांच्या तीन घटकांच्या कल्पनेवरून बुद्धीचा एक सिद्धांत मांडला आणि त्यावर आधारित चाचणी १९९७ मध्ये तयार झाली.

आज मेंदूचे कार्य चालू असताना त्याची प्रतिमा पाहता येते. दुखापतीनंतर आणि सरावानंतर शाबूत भागांमधील जोडण्या बदलतात, शेजारचे भाग नवे काम अंगावर घेतात, याचे पुरावे आता उपलब्ध आहेत. मूलपेशींवरील संशोधन जगभर चालू असले, तरी नष्ट झालेला मेंदू पुन्हा उगवून आणणारा सिद्ध उपचार अद्याप वैद्यकाच्या हाती आलेला नाही. त्यामुळे रस्त्यावरील अपघातात डोक्याला मार लागलेल्या आजच्या तरुणासाठीही मुख्य आधार उरतो तो लुरिया यांनी घालून दिलेल्या रीतीचाच. नेमका दुवा शोधायचा, शिल्लक काय आहे ते पाहायचे आणि तेथून पुन्हा सुरुवात करायची. त्याला वर्षे लागतात, पूर्ण यश क्वचित मिळते आणि रुग्णाइतकीच घरच्या माणसांचीही कसोटी लागते. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर खरे काम सुरू होते, हे किसेगाचच्या त्या चारशे खाटांनी ऐंशी वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. रुग्णालयातून घरी पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाला तो सराव मिळतो का, हा प्रश्न मात्र आजही आपल्यापुढे आहे.